सरकी कोणाची?

मुलांच्या भल्यासाठी केलेली चोरी ही चोरी असते काय? प्रश्न जुना आहे. हल्ली तो शाळेतल्या संगणकाच्या खोलीत येऊन बसला आहे, एवढेच. आमच्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी दहा संगणक आले की पाठोपाठ त्यांवर चालवायच्या प्रोग्रामचा प्रश्न उभा राहतो. विकतचा परवाना शाळेच्या सादिलात बसत नाही. मग कुणीतरी जाणता गृहस्थ खिशातून पेनड्राइव्ह काढतो आणि अर्ध्या तासात सारे सुरळीत होते. मुले खूश, वडीलधारी खूश. ज्याने तो प्रोग्राम लिहिला तो सातासमुद्रापलीकडे. त्याच्या ताटातले असे काय कमी झाले?

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही शिक्षकावर लोभ ठेवला आहे. त्याचे 52 वे कलम शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात दुसऱ्याच्या कृतीची नक्कल करण्याची मुभा देते. फळ्यावर कविता लिहून दिली म्हणून गुरुजींना कुणी कचेरीत खेचीत नाही. परंतु विकाऊ प्रोग्राम दहा यंत्रांवर उतरवून वर्षानुवर्षे वापरावा, इतका त्या मुभेचा पदर लांब असेल असे मला वाटत नाही.

शिवाय मी मास्तरकीबरोबर कादंबऱ्याही लिहितो. माझ्या एका कादंबरीची पाने मोबाइलवरून फिरत फिरत एके दिवशी माझ्याच हाती आली. पाठवणाऱ्याने वर लिहिले होते, ‘अवश्य वाचा!’ राग आला आणि हसूही आले. मागे विचार करू लागलो, तेव्हा टोचत होते ते पैशांचे नव्हते. कुणी मागितली असती तर मी ती आनंदाने दिलीही असती. न विचारता घेणाऱ्याने माझा ‘हो’ म्हणण्याचा अधिकारच नेला होता.

दान करायचे तर वस्तू आधी आपली असावी लागते. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमनने नेमके हेच ओळखले. 1983 साली त्याने जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि 1989 साली जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना लिहिला. त्यात लेखकाचा हक्क नाकारलेला नाही. त्या हक्काच्या बळावरच परवानगी देऊन टाकली आहे. हवा त्या कामासाठी वापरा, आत उघडून पाहा व बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. मुख्य अट अशी की, पुढे वाटाल तर घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. शेजारून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करू नये, ही आपल्या घरांतली रीत. येथे ते ताट भरलेले पुढच्या घरी जाते, इतकाच फरक.

‘आत उघडून पाहा’ म्हणजे काय, हे कपाशीच्या मुलखातल्या माणसाला चटकन उमजेल. जिनात कापूस गेला की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. रुईचे कापड होते. पण पुढच्या हंगामाचे पीक सरकीत असते. पूर्वी शेतकरी चांगल्या बोंडांची सरकी राखून ठेवी आणि शेणमातीत चोळून पेरी. संकरित वाण आले, 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि दर पावसाळ्याच्या तोंडी पाकीट विकत घेणे आले. कारण संकराची सरकी दुसऱ्या पिढीत मूळ गुण राखीत नाही. विकाऊ प्रोग्राम आपल्याला फक्त रुई देतो. त्याची सरकी, म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ संहिता, कंपनीच्या कोठारात राहते. मुक्त प्रोग्राम दोन्ही देतो. मुलांना नुसते कापड नेसवायचे की पेरणीही शिकवायची, हा शाळेपुढचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, नोकरीच्या बाजारात विकाऊ प्रोग्रामच चालतात. मुक्त प्रोग्राम शिकून पोरे मागे पडतील. ही काळजी खोटी नाही. पण केरळात 2001 साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ योजनेने सरकारी शाळांत मुक्त प्रोग्रामच रुजवले. आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात अशा प्रोग्रामांचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजातही आहेत, आणि त्या पाठांचा परवानाही मुक्तच आहे. ज्याला एका यंत्रावर पत्र लिहिता आले, त्याला दुसऱ्यावर लिहायला किती दिवस लागणार?

तथापि, वाचकहो, ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या शब्दांत गफलत होता कामा नये. शाळेने मुक्त प्रोग्राम आपल्याच चार भिंतींत वापरला, बदललाही, तरी त्या परवान्याप्रमाणे ती कुणाचे काही देणे लागत नाही. कायदा येथे थांबतो. येथूनच पुढे नीती सुरू होते. लिबरऑफिसच्या पडद्यावरचे मराठी शब्द कुणीतरी बसून घडवले आहेत. त्यांतला एखादा आपल्या मुलांना अडला, तर अधिक सोपा शब्द सुचवून धाडणे हे खेड्यातल्या मास्तरालाही जमण्यासारखे आहे. कोणी मागणार नाही, तरी ते द्यावे.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. वर्गातला पोरगा विचारतो, “सर, हा प्रोग्राम मी घरी नेऊ का?” चोरून उतरवलेला असेल तर उत्तर द्यावे लागते, “ने, पण कुणाला सांगू नकोस.” मुक्त असेल तर म्हणता येते, “ने, आणि धाकट्या बहिणीलाही दे.” धडा पुस्तकातला कोणताही असो, त्या दिवशी मुलगा घरी घेऊन जातो तो या दोहोंपैकी एक.