पाचवी आज्ञा आणि आमची गाडी



गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आम्ही पाड्यावरची मिस्सा आटोपून तानसाच्या बाजूने आटगावला येत होतो. समोरून एक डंपर अप्पर लाईट टाकून आला. डोळे दिपले. तोंडून जे शब्द निघाले ते या पत्रिकेत छापण्यासारखे नाहीत. पुढच्या वळणावर मात्र आमचाच लाईट अप्परवर होता. सायकलला गवताचा भारा बांधून समोरून येणारे एक आजोबा दिपून साइडपट्टीवरून खाली घसरले. आम्ही ते आरशात पाहिले. मिस्सा सातची होती आणि पावणेसात वाजले होते. आम्ही थांबलो नाही. मागून एक तरुण मोटारसायकलवर आला, डोक्यावर हेल्मेट नाही, अशांना आम्ही नेहमी दटावतो. तो मात्र थांबला व आजोबांना हात देऊ लागला.

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावरील जखमी माणसाचा दृष्टांत (लूक १०) आम्ही कितीतरी वेळा समजावून सांगितला आहे. त्यातला याजक वाईट होता असे प्रभू येशू कुठे म्हणत नाही. कदाचित त्यालाही उपासनेला उशीर होत असेल!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कांटचा विचार घोकला होता की माणसाला केवळ साधन समजू नये. परीक्षेत गुणही बरे पडले. पण स्टिअरिंग हाती आले की समोरचा माणूस आम्हाला साधनसुद्धा वाटत नाही, नुसता अडथळा वाटतो. हॉर्न वाजवायचा, तो बाजूला व्हायला हवा.

पापनिवेदनाचे गुपित न मोडता एवढे सांगू शकतो की गाडी चालवताना आमच्याकडून जे घडते ते पाप आहे, असे आम्ही स्वतः आजवर कधी निवेदन केले नव्हते. वास्तविक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ पाचव्या आज्ञेच्या विवेचनात (क्र. २२९०) सांगतो की दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञाच काढल्या. त्यांत दुर्बलाचे रक्षण करा, गाडीला सत्ता गाजवण्याचे साधन करू नका, असे सांगितले आहे. आणि जो गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही त्याला प्रेमाने थांबवा, असेही. बाप्तिस्म्याच्या जेवणानंतर आपल्यापैकी कितीजण पाहुण्याच्या हातून किल्ली काढून घेतात?

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्याजवळून जातो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही आपल्या शहापूर तालुक्यातून पूर्ण सुरू झाला. गाड्या वेगात जाणार. पण रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन चालणारी बाई, शाळेची मुले, मागे दिवा नसलेली ट्रॉली हेही याच तालुक्यातले. अंधारात ट्रॉली दिसत नाही हा केवळ ट्रकवाल्याचा दोष नव्हे.

पुष्कळजण पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने जखमीजवळ थांबत नाहीत. ही भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीजवळ राहा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हेही ज्यांच्या घरी नवी मोटारसायकल आली आहे त्यांनी ऐकावे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर सायकली, बैलगाड्या, ट्रॉल्या चर्चच्या आवारात आणाव्यात. तरुण मंडळी मागच्या बाजूला लाल चमकती पट्टी मोफत लावून देतील. मोटारसायकली फाटकात आडव्या लावू नयेत, म्हाताऱ्या माणसांना वाट राहत नाही. त्या आजोबांचा पाडा आम्हाला कळला आहे. या आठवड्यात आम्ही तिकडे जाणार आहोत, पट्टी घेऊन आणि क्षमा मागायला.