गोधडीचे मोल



पेणहून पनवेलकडे निघालेली गाडी हमरापूर सोडून जिते स्थानकाला थांबते. हा मुलूख गणपतीचा. इथे साच्यातून मूर्ती शेकड्याने निघतात, पण डोळे हातानेच आखावे लागतात, आणि आखणी करणाऱ्या हाताचे मोल इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हातशिलाईकडे वळलो की मात्र आपला हिशोब बदलतो.

गोधडीच घ्या. जुनी लुगडी, धोतरे धुऊन थरावर थर अंथरायची, फाटले तिथे ठिगळ लावायचे, आणि कडेपासून आत धावदोऱ्याचे चौकोनी फेरे घालत मध्याला यायचे. ऐकायला सोपे. पण खालचा थर गोळा होऊ न देता टाका सारखा पाडणे, कोपऱ्यावर वळताना ताण सांभाळणे, हे वर्षानुवर्षे बोटांत मुरते. बाजारातली रजई देखणी असते, तिला नावे ठेवायची नाहीत. पण धुण्यागणिक मऊ होत जाते ती गोधडीच.

अशी गोधडी शिवून देणाऱ्या मावशीकडे आपण जातो आणि म्हणतो, "जुनेरं तर आमचीच, मग एवढे पैसे कसले?" वर म्हणतो, "मावशी, ही तुमची सेवाच."

माउली, इथे थोडे थांबू. काम हीच भक्ती, हे आपल्याला संतांनी शिकवले. सावतोबांनी मळ्यात विठ्ठल पाहिला, गोरोबांनी चिखल तुडवताना नाम घेतले. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. सुई, कात्री, गज त्यांनी नामाच्या वर्णनात आणले, आणि त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने जपली आहेत. पण प्रत्येकाने हे आपल्या स्वतःच्या कामाविषयी म्हटले. सावतोबांची भाजी विकत घेणाऱ्याने "ही तुमची भक्ती, मग दाम कशाला" म्हटले असते, तर त्याला आपण काय म्हटले असते? काम करणारा म्हणतो तेव्हा ती सेवा असते. घेणारा म्हणू लागला की ती घासाघीस होते.

हाताची कला जपा, असे आता सगळेच म्हणतात. गोधडी काचेच्या कपाटात ठेवून जपली जात नाही. ती पांघरून विरण्यासाठीच असते. विरली की तिचाच पुढच्या गोधडीत थर होतो. जपायचा असतो तो टाका घालणारा हात, आणि पोट भरत नसेल तर मावशीची सून ती सुई का धरील? मुंबईच्या दुकानात हीच गोधडी मोठ्या किमतीला विकली जाते, तेव्हा आपण कौतुकाने पाहतो. त्या किमतीतले मावशीला किती पोचले, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मावशीशी भाव करताना वाटत नाही.

यंदा वारीच्या सामानात गोधडी बांधताना तिची उलटी बाजू एकदा पाहा. तिथे गाठी दिसतील. दोरा कुठे संपला, नवा कुठे जोडला, दिवस मावळल्यावर टाके कुठे मोठे पडले, सगळे दिसेल. तेवढ्या दुपारांची मजुरी आजच्या रोजाने मांडून पाहा, आणि मावशी अजून शिवत असतील तर उरलेली रक्कम आषाढीआधी पोचवा.