परवानगी आणि कुवत

पडद्याच्या मधोमध एक गोल आणि त्याला छेदणारी तिरपी रेघ. ज्या मॅकला नवी प्रणाली चालवायची मुभा नाही, त्याच्यावर ती सुरू करायला गेलं की हे चिन्ह दिसतं. अनेक जण इथंच हात टेकतात. यंत्र म्हातारं झालं, त्याला आता झेपत नाही, असं समजून लॅपटॉप कपाटात जातो. पण त्या क्षणापर्यंत यंत्राला काहीही करायला सांगितलेलंच नसतं. प्रणालीनं मदरबोर्डची ओळख विचारली, ती मान्य यादीत सापडली नाही आणि गाडं थांबलं, एवढंच घडलेलं असतं.

जुन्या लॅपटॉपवर, कंपनीनं 'यावर चालणार नाही' म्हणून सांगितलेली प्रणाली बसवताना मी हा फरक आधी तपासतो. यंत्राला परवानगी नाही, की त्याची कुवत नाही? सुरू होताहोता बंद पडणं बाहेरून दोन्हींत सारखंच दिसतं. विंडोज ११ चं उदाहरण घ्या. २०२१ साली ती आली तेव्हा टीपीएम २.० ची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा, अशी अट होती. त्याआधीच्या पिढ्यांचे कितीतरी लॅपटॉप ती अट वळसा घालून ओलांडतात आणि नीट चालतात. पण २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरकडून पॉपकाउंट नावाची एक आज्ञा लागते. द्विमान संख्येत 'एक' किती वेळा आला हे मोजणारी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २००८ च्या सुमारास आली. त्याआधीच्या यंत्रावर ही आवृत्ती सुरूच होत नाही. तिथं वळसा घालायला वाटच उरत नाही.

या दोन टोकांच्या मधला प्रदेश मला फार आवडतो. माझ्या भाचीकडे २०१२ चा तेरा इंची मॅकबुक प्रो आला, घरातल्याच एकाचा वापरून झालेला. त्याच्यासाठी अधिकृत शेवटची प्रणाली २०१९ ची कॅटालिना. कॉलेजच्या कामाला लागणारी सॉफ्टवेअर तिच्यावर एकेक करून बंद होत चालली होती. व्हेंचुरा ही त्यानंतरची प्रणाली बसवायचं ठरलं. साधन होतं ओपनकोअर लेगसी पॅचर, डॉर्टानिया नावाच्या स्वयंसेवी गटानं बनवलेलं.

व्हेंचुराला एव्हीएक्स२ या आज्ञासंचाची गरज असते, आणि तो इंटेलमध्ये २०१३ साली आला. म्हणजे भाचीच्या लॅपटॉपात तो नाहीच. इथं कुवतच संपली असं वाटतं. पण अ‍ॅपलच्या स्वतःच्या नव्या चिपवर इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालवणारा रोझेटा हा दुभाषाही तेव्हा एव्हीएक्स२ जाणत नव्हता. त्याच्यासाठी त्या आज्ञांविना चालणाऱ्या फायलींचा एक संच प्रणालीत ठेवलेला होता. पॅचर तोच संच जुन्या इंटेल यंत्रावर उतरवतो. सर्वांत नव्या यंत्रांसाठी केलेली तजवीज दहा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या उपयोगी पडावी, हे ज्यांना सुचलं त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बसवून झालं, पण लॅपटॉप काही सुरू होईना. पांढरी पट्टी अर्ध्यावर जायची आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. "मामा, ग्राफिक्समुळे होत असेल का?" भाचीनं विचारलं. शंका रास्त होती. त्या लॅपटॉपातल्या एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर २०२१ च्या माँटेरेपासूनच काढून टाकलेले आहेत. पण ग्राफिक्सचे पॅच नसले की पडदा रखडत चालतो. यंत्र असं मध्येच कोसळायला सहसा दुसरं कारण लागतं.

अशा वेळी लोगो बाजूला करावा. वर्बोस मोडमध्ये लॅपटॉप सुरू केला की पट्टीच्या जागी ओळींमागून ओळी धावतात आणि काय काय सुरू होतंय ते दिसतं. शेवटची ओळ हेच कारण, असं मात्र धरू नये. ती फक्त यंत्र कुठं थांबलं ते सांगते. प्रणालीचा गाभाच कोसळला, म्हणजे कर्नल पॅनिक झालं, की त्या मजकुरात, बहुतेक वेळा, ज्या घटकात काम चाललं होतं त्याचं नाव येतं. प्रत्येक वेळी तेच नाव आलं तर त्या ड्रायव्हरकडे किंवा पॅचकडे बघावं. भाचीच्या लॅपटॉपवर दर खेपेला वेगळं नाव येत होतं. एकदा यूएसबी, एकदा फाइल सिस्टिम, मग तिसरंच काही. इतके घटक एकाच वेळी बिघडत नाहीत. ते सगळे ज्या एका गोष्टीवर उभे असतात ती तपासायला हवी, आणि ती म्हणजे मेमरी.

रॅमच्या दोन पट्ट्या मागाहून बदललेल्या होत्या. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. सकाळपर्यंत चुकांची रांग लागली होती. मग एकेक पट्टी काढून पाहिल्यावर सदोष कोणती ते कळलं. कॅटालिनाला मेमरी कमी लागायची, त्यामुळे तिचा खराब भागाशी क्वचितच संबंध येत असावा. ती पट्टी बदलली आणि व्हेंचुरा सुरू झाली. मग ग्राफिक्सचे पॅच लावले.

अशी प्रणाली वापरण्याचं मोल मी भाचीपासून लपवलं नाही. २०२० च्या बिग सरपासून प्रणालीच्या फायलींवर डिजिटल मोहर असते. ग्राफिक्सचे पॅच लावायचे तर ती तोडावी लागते आणि संरक्षणही थोडं सैल करावं लागतं. म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत, असं आमचं ठरलं. अपडेट आलं की पॅच पुसले जातात आणि पुन्हा लावावे लागतात. तेव्हा आपोआप होणारी अपडेट बंद ठेवली. इंटेलवर चालणारी शेवटची मॅक प्रणाली टाहो, असं अ‍ॅपलनं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे हा रस्ता फार पुढं जाणारा नाही. त्यानंतर या लॅपटॉपवर लिनक्स घालायचं आहे. त्यातल्या ब्रॉडकॉमच्या वायफायचं फर्मवेअर बहुतेक लिनक्समध्ये वेगळं उतरवून घ्यावं लागतं. ते मिळेपर्यंत वायफाय नाही, म्हणून भाचीला नेटवर्कची केबल आत्ताच आणून ठेवायला सांगितली आहे. २०१२ च्या या लॅपटॉपला तिचं भोक अजून आहे.