उसने डोळे

अमेरिकेत टल्सा येथे जिम स्टोव्हल या अंध गृहस्थांनी १९८८ साली एक दूरचित्रवाणी संस्था स्थापन केली. जुन्या हॉलिवूड चित्रपटांतील संवादांमधल्या अवकाशात निवेदक पडद्यावरचे दृश्य सांगे. उपक्रम स्तुत्यच, परंतु निवेदकाने किती सांगावे, हा आम्हांस नीतीचा प्रश्न वाटतो.

चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) घ्या. ऐकू येते ते केवळ संगीत अन् काही ध्वनी. अंध प्रेक्षकाची सारी भिस्त निवेदकावर. शेवटी, दृष्टी लाभलेली फूलवाली हाताच्या स्पर्शाने आपला उपकारकर्ता ओळखते. तो भटक्या हसतो. लाजून? आनंदाने? की भीतीने? डोळस प्रेक्षक हे स्वतः ठरवतात, वादही घालतात. निवेदक ‘लाजला’ म्हणेल, तर सद्हेतूने का होईना, अंधाचा हा हक्क हिरावून घेईल. फूल धरलेली बोटे ओठांशी आहेत, तो हसतो आहे, एवढे सांगून त्याने संगीत वाजू द्यावे.