सापडणे आणि पाहणे

नाताळच्या सुटीनंतरच्या एका शनिवारी आमच्या मंडळीच्या आवारात संडे स्कूलच्या मुलांना आकाश दाखविण्याचा कार्यक्रम केला. मंडळीतील एका तरुणाने आपली संगणकीकृत दुर्बीण आणली होती. तिच्या हातफलकावर हवे ते नाव निवडून बटण दाबले की दुर्बिणीच्या मोटारी घुं घुं करीत फिरतात आणि नळी नेमक्या त्या ठिकाणी जाऊन थांबते. पृथ्वी फिरते तसतशी तीही हळूहळू सरकत राहते, म्हणून तारा दृष्टीतून निसटत नाही. तासाभरात मुलांनी कृत्तिका, देवयानी दीर्घिका, मृग नक्षत्रातील तेजोमेघ अशा पंधरा-वीस गोष्टी पाहिल्या. एकाने डोळा लावावा, "दिसले" म्हणावे, तोच मागच्याने म्हणावे, "आता पुढचे लावा!"

खुर्ची टाकून बसलेल्या एका वृद्ध काकांनी त्यातल्या एका मुलाला जवळ बोलावले. "बाळ, तू आत्ता तेजोमेघ पाहिलास ना? तो आकाशात कुठे आहे, बोटाने दाखव पाहू." मुलाने इकडेतिकडे पाहिले, त्याला सांगता येईना. तेव्हा काका मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही तरी दाखवा." मलाही दाखविता आले नाही. मृग तर समोर पूर्वेला चांगला वर आला होता!

काकांचे मत सरळ होते. कष्टावाचून मिळालेल्या वस्तूला मोल नसते. त्यांच्या तरुणपणी नकाशा घेऊन, एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे जात, थंडीत तास तास शोध करावा लागे. म्हणून सापडलेले लक्षात राही. हे ऐकून प्रथम मीही मान डोलावली.

परंतु घरी आल्यावर मन स्वस्थ राहीना. तारण हे देवाच्या कृपेचे दान आहे, ते आपल्या कर्मांनी मिळत नाही, असे आपण दर रविवारी मुलांना शिकवितो. मग जे कष्टाने मिळविले नाही ते खरे आपले नव्हे, असे ताऱ्यांच्या बाबतीत तरी कसे म्हणावे? आकाश आपण कोणीच कमाविलेले नाही. चष्मा लावून शास्त्र वाचणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. ज्याची दृष्टी मंद आहे, ज्याच्या शहरातील दिव्यांनी तारे पुसून टाकले आहेत, त्याला हे यंत्र उपकारकच आहे. तेव्हा दोष यंत्राच्या सोयीत नाही. तो दुसरीकडे शोधला पाहिजे.

येथे इतिहासातील एक गोष्ट उपयोगी पडेल. इंग्लंडचे पहिले राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड हे स्वतः पाद्री होते. १६९० साली त्यांच्या दुर्बिणीत युरेनस आला. त्यांनी त्याची जागा काळजीपूर्वक टिपली, त्याला वृषभ राशीतील एक तारा समजले आणि ते पुढच्या कामाला लागले. पुढे ९१ वर्षांनी, १३ मार्च १७८१ रोजी, बाथ गावच्या ऑक्टगॉन चॅपलमध्ये ऑर्गन वाजविणारे विल्यम हर्शेल यांनी घरामागच्या बागेतून, स्वतः तयार केलेल्या दुर्बिणीने, तोच बिंदू पाहिला. तो इतर ताऱ्यांसारखा टिंब न दिसता किंचित चकतीसारखा दिसला. हर्शेल थांबले. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा तो सरकलेला आढळला. त्यांनाही प्रथम तो धूमकेतू वाटला. पण त्या थांबण्यामुळेच जगाला एका नव्या ग्रहाची ओळख झाली. फ्लॅमस्टीडांनी कष्ट कमी केले नव्हते. त्यांना तो सापडला होता, पण ओळख पटली नव्हती. म्हणजे शोधाचे कष्ट आहेत तेथे पाहणे असतेच असेही नाही.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातही हेच दिसते. ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा, असे हेरोदाने विचारताच शास्त्र्यांनी संदेष्ट्याच्या ग्रंथावरून उत्तर दिले, बेथलेहेम. उत्तर अचूक होते. बेथलेहेम यरुशलेमेपासून अवघ्या नऊ-दहा किलोमीटरांवर. पण त्यांच्यापैकी कोणी बाळाला पाहावयास गेल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. गेले ते दूर देशाहून विचारीत विचारीत आलेले ज्ञानी लोक.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जमलो. या वेळी तीनच गोष्टी पाहावयाच्या ठरविल्या. तरुणाने मुलांना समजावून सांगितले की या दुर्बिणीलाही प्रथम तारीख, वेळ व ठिकाण सांगून दोन ठळक तारे ओळखून द्यावे लागतात. ओळख चुकली तर एक तर ती ते मान्य करीत नाही, नाहीतर भलतीकडेच वळते. काही नवी यंत्रे आकाशाचे छायाचित्र घेऊन स्वतःच दिशा ठरवितात. आमच्या मुलांना मात्र रोहिणी आणि व्याध स्वतः शोधावे लागले. काकांनी बोट धरून ते दाखविले. मग सर्व दिवे मालवून आम्ही अर्धा तास अंधारात बसलो. दुर्बीण बटणासरशी वळते, पण डोळ्याला अंधार सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतातच. तेवढ्यात आम्ही एक स्तोत्र वाचले.

मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो तेजोमेघ आहे, हे आता प्रत्येक मुलाने आधी बोटाने दाखविले. प्रत्येकाला पाच मिनिटे दिली. गेल्या खेपेस अडखळलेला मुलगा बराच वेळ डोळा लावून होता. मग तो हळूच म्हणाला, "सर, धुक्याच्या आत चार बारीक तारे आहेत."

ते तारे पहिल्या रात्रीही तेथेच होते. सुमारे १,३४० वर्षांपूर्वी निघालेला त्यांचा प्रकाश त्या रात्रीही आमच्या आवारात उतरला होता, आणि आम्ही "पुढचे लावा" म्हणत होतो.

संडे स्कूलच्या शिक्षकबंधुभगिनींनो, आज आपल्या मुलांना शास्त्रातील कोणतेही वचन मोबाइलवर क्षणात सापडते. ही सोय त्यांच्यापासून हिरावून घेऊ नका. शोधण्यातला जो वेळ वाचला, तो त्या वचनापाशी थांबण्यासाठी त्यांना द्या, आणि त्यांच्याबरोबर आपणही थांबा. देवाचे दान फुकट मिळते. ते पाहण्यास मात्र आपल्याला स्वतःलाच थांबावे लागते.