निरंक

वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या इतिहासावर व राजकारणावर नित्य लिहिणाऱ्या, आणि सभांतून त्याच विषयांवर बोलणाऱ्या स्तंभलेखिकेवर एक आक्षेप ठरलेला असतो. ती एकांगी आहे, असे म्हणतात. आक्षेप घेणारे सगळेच कुत्सित नसतात. इतिहास सांगणाऱ्याने तराजू सरळ धरावा ही अपेक्षा रास्त आहे; आणि जी दर आठवड्यास एकाच पारड्यात वजने टाकते तिचा तराजू सरळ कसा म्हणावा? परंतु ह्या आक्षेपाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. खोटे लिहिणे हा अपराध होय, हे सर्वांस मान्य आहे. पण जे लिहावयास हवे होते ते लिहिलेच नाही, तर तेही असत्य होय काय?

आम्हां दप्तरी माणसांना ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तक्ता भरताना 'निरंक' आणि 'माहिती उपलब्ध नाही' ह्या दोन शेऱ्यांतील भेद आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. पहिल्याचा अर्थ, पाहिले आणि काही आढळले नाही. दुसऱ्याचा अर्थ, अद्याप पाहणे झालेले नाही. दुसऱ्याच्या जागी पहिला शेरा मारणे सोयीचे असते. वरून पुन्हा विचारणा होत नाही. स्त्रियांच्या बाबतीत इतिहासाच्या दप्तराने दीर्घकाळ हीच सोय पाहिली, असे आमचे मत आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचे उदाहरण घ्या. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. ह्या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. त्यास उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली व १८८२ साली ती पुण्यात छापून निघाली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सरळ सवाल होता. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांचा पक्ष घेतला. त्यानंतर मात्र पुस्तक जणू नव्हतेच. १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ९३ वर्षे गेली. ह्या काळात मराठी गद्याच्या इतिहासात त्या रकान्यापुढे 'निरंक' हाच शेरा होता, आणि कोणी मुद्दाम खोटे बोलले होते असेही नाही.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या हुद्द्याची नोंद सापडते. कन्येच्या जन्ममृत्यूची वर्षे मात्र अभ्यासकांना 'सुमारे' हा शब्द लावूनच द्यावी लागतात. बापाची पायरी कागदावर राहिली, लेकीचे आयुष्य राहिले नाही. ह्यास योगायोग म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

तेव्हा एकांगीपणाच्या आक्षेपास उत्तर हे की, जो तराजू आधीच एका बाजूस कललेला आहे त्याच्या रित्या पारड्यात वजन टाकणे हा पक्षपात नव्हे. मात्र वजन खरे हवे. आठवड्याचा मजकूर वेळेवर देण्याच्या धांदलीत, ताराबाईंना त्या रात्री काय वाटले असेल ते रंगवून सांगण्याचा मोह लेखणीस होणारच. जे माहीत नाही ते कल्पनेने भरणे आणि 'निरंक' लिहून मोकळे होणे, हे दोन्ही आमच्या मते एकाच जातीचे दोष आहेत. दोहोंत चौकशी बंद होते. स्त्रीला देवी करून मखरात बसविल्यानेही तीच बंद होते.

कोणी म्हणेल, इतिहास लिहावा, पण त्यात राजकारण कशास? ह्यावर विद्या बाळ (१९३७-२०२०) ह्यांचे चरित्र पाहावे. 'स्त्री' मासिकात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' काढले, आणि लिहिण्याबरोबर बोलणेही अखेरपर्यंत चालू ठेवले. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना असलेल्या मज्जावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात ज्यांनी दाद मागितली त्यांत त्या होत्या. मज्जावाचा आधार काय, तर परंपरा. आता परंपरा हे इतिहासाविषयीचेच एक विधान आहे. आणि सार्वजनिक देवस्थानांतील प्रवेशासंबंधीचा कायदा तर १९५६ सालापासून राज्याच्या दप्तरी होता! त्या वर्षी एप्रिलमध्ये न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करण्यास शासनास सांगितले. साठ वर्षे कपाटात असलेला कागद बाहेर काढावयास लावणे, ह्यास राजकारण म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

हे सारे लांबचे वाटत असेल, तर आपल्या सेवापुस्तकाकडे पाहावे. आज जबलपूर, मग कलकत्ता, मग दिल्ली. प्रत्येक बदलीची तारीख त्यात आहे. प्रत्येक वेळी बिऱ्हाड बांधणारी, मुलांच्या शाळांसाठी खेटे घालणारी, परक्या मुलखातील बाजारात नवी भाषा तोंडात बसविणारी जी आहे, तिच्या चाकरीचे पुस्तक नाही. केवळ घरकाम करणारीची गणना जनगणना 'काम न करणारी'त करते. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसास सरासरी २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे दिसून आले. म्हणजे पाहिले तेव्हा आढळले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णयही महाराष्ट्र शासनाने घेतला आहे.

असो. जाणूनबुजून केलेले मौन असत्यच होय, ह्याविषयी वाद नसावा. अजाणता झालेले मौन कोणी दाखवून देईपर्यंत क्षम्य आहे. दाखवून दिल्यावर मात्र ते आपले होते. स्तंभलेखिकेचे काम एवढेच की तिने तो रिकामा रकाना दाखवावा. तिच्यावर रागावण्यापूर्वी तेथील शेरा कोणाच्या हातचा आहे, हे आपण पाहिलेले बरे.