दाखवणे आणि पाहणे



दृष्टीच्या व्यवहारासाठी आपल्या मराठीत तीन साधी क्रियापदे आहेत : दिसणे, पाहणे आणि दाखवणे. 'मला दिसते' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात आपले कर्तृत्व फारसे नसते. वस्तू समोर येते आणि डोळ्यांत उतरते. 'मी पाहतो' यात मन सामील होते. 'मी दाखवतो' यात मात्र आणखी एक माणूस येतो, आणि त्याच्या डोळ्यांवर काही काळ आपला अधिकार चालतो. भाषांतराच्या मेजावर आयुष्य गेलेल्या माणसाला असल्या भेदांचा नाद असतो, हे खरे. परंतु आज हा भेद व्याकरणाचा म्हणून नव्हे, तर नीतीचा म्हणून आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत लहान मुलांना शहर दाखवावयास नेणारे आईबाप त्यांना काय दाखवतात आणि काय पाहू देत नाहीत, हा तो प्रश्न होय.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त इंदूर, रायपूर, हैदराबाद, बडोदे अशा दूरदूरच्या शहरांत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांना मुंबई ठाऊक असते ती आजीआजोबांच्या बोलण्यातून. मग कधीतरी दोन दिवसांची सवड काढून मंडळी येतात, रात्रभराच्या प्रवासानंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर वा अन्य स्थानकावर उतरतात, नातेवाइकांच्या घरी पिशव्या ठेवतात आणि 'मुंबई दर्शना'स निघतात. यादी तयार असते : गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, तेथील पेंग्विन, चौपाटी, वेळ मिळाल्यास घारापुरीची लेणी. दोन दिवसांत आठ-दहा ठिकाणे 'उरकली' जातात. उरकणे हे क्रियापदच किती बोलके आहे!

यात गैर काही नाही. टर्मिनसची इमारत पाहण्यासारखीच आहे. 1878 मध्ये तिचे काम सुरू झाले आणि ते पुरे व्हावयास सुमारे दहा वर्षे लागली. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिच्या दगडांवर मोर, माकडे आणि पानेफुले कोरलेली आहेत, प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेले आहेत. बाप मान उंच करून म्हणतो, "तो बघ वाघ!" मूल मात्र वर पाहतच नाही. ते पाहते खाली, भिंतीलगत बसलेल्या बूटपॉलिशवाल्याकडे, जो गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी लाकडी पेटीवर ब्रश टकटक वाजवीत असतो.

हे असे का होते? कारण अगदी साधे आहे. चार वर्षांच्या मुलाची उंची सव्वातीन फुटांच्या आसपास असते. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर. आपण मोठी माणसे ज्या उंचीवरून शहर पाहतो, तेथून चेहरे, पाट्या, मनोरे आणि घुमट दिसतात. मुलाच्या उंचीवरून दिसतात ते गुडघे, पिशव्या, कुत्री आणि जमिनीवर बसलेली माणसे. फुटपाथवर बसलेला भिकारी, गजरे ओवणारी बाई, कागद पांघरून निजलेला म्हातारा यांचे डोळे आणि आपल्या लेकराचे डोळे जवळजवळ एकाच पातळीवर असतात. आपल्याला ती माणसे दिसण्यासाठी मान खाली घालावी लागते. मुलाला ती समोरच भेटतात.

आणि मूल थांबते. "हे आजोबा इथे का झोपलेत?" असे विचारते. या क्षणी आपण काय करतो? बहुतेकदा हात ओढतो. "चल लवकर, गर्दी आहे," किंवा "तिकडे बघ, किती मोठी बस!" असे म्हणतो. आपण काही वाईट केले असे आपल्याला वाटतही नाही. पण त्या ओढलेल्या हातातून मुलाला एक धडा मिळालेला असतो, जो कोणत्याही शाळेत वा रविवारच्या वर्गात कोणी ठरवून दिला नसता. तो धडा असा की, जगात काही वस्तू पाहण्यासाठी आहेत आणि काही माणसे न पाहण्यासाठी आहेत. दगडाचा वाघ पाहावयाचा. जिवंत माणूस ओलांडून जावयाचा.

आईबापांची बाजूही येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गर्दीत मूल हरवण्याची भीती खोटी नाही. कोवळ्या मनाला दुःखाचा भार किती द्यावा, हाही खरा प्रश्न आहे. वर्षातून एकदा मिळालेले दोन दिवस आनंदात जावेत, ही इच्छा स्वार्थाची म्हणता येत नाही. मुलाचे रक्षण करणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु मुलाला गाडीखाली जाण्यापासून वाचवणे आणि त्याला एका प्रश्नापासून वाचवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात आपण मुलाला जपतो. दुसऱ्यात पुष्कळदा आपण स्वतःलाच जपत असतो, कारण त्या प्रश्नाचे उत्तर देताना अडचणीत आपण येणार असतो, मूल नव्हे.

मग काय, मुलांना मुद्दाम दारिद्र्य दाखवावयास न्यावे? हेही उत्तर नव्हे, आणि येथे विशेष सावध राहिले पाहिजे. हात ओढणारा बाप जितका आढळतो, तितकाच बोट दाखवणारा बापही आढळतो : "बघ, अभ्यास केला नाहीस तर असे बसावे लागेल!" फुटपाथवरचा माणूस येथे सूचनाफलक झाला. त्याला कान आहेत, तो हे ऐकतो आहे, याचे भानही कोणास उरत नाही. दुसरा प्रकार याहून सोज्ज्वळ दिसतो : "बघ, आपल्याला देवाने किती दिले आहे, उपकार मान." कृतज्ञता चांगली, पण दुसऱ्याच्या हालांना पायरी करून तीवर चढलेली कृतज्ञता मंदिरात प्रार्थना करणाऱ्या त्या परूश्याच्या उपकारस्तुतीच्या फार जवळ जाते. अलीकडे तर झोपडपट्ट्या दाखवणाऱ्या सहलीही निघतात. त्या चालवणाऱ्यांचा हेतू कदाचित चांगला असेल. परंतु कोणाचे घर हे प्रेक्षणीय स्थळ व्हावे की नाही, हे त्या घरातील माणसाखेरीज कोणी ठरवावे?

तेव्हा दोन वाटा आपल्यापुढे आहेत, आणि दोन्ही आडवाटा आहेत. एकीत माणूस लपवला जातो, दुसरीत तो मांडला जातो. दोहोंत एक साम्य आहे : निर्णय 'दाखवणाऱ्या'चा आहे, आणि ज्याला पाहावयाचे त्याला स्वतःची नजर नाही असे गृहीत धरलेले आहे. येथे 'दर्शन' हा शब्दच आपल्याला सावरू शकतो. आपला हिंदू शेजारी 'दर्शनाला जातो' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात केवळ आपण पाहावे एवढेच नसते, समोरूनही आपल्याकडे पाहिले जावे अशी आस असते. दर्शन दोन्ही बाजूंनी घडते. 'मुंबई दर्शन' हे नाव ज्याने प्रथम बसवर लिहिले त्याने एवढा विचार केला नसेल. पण शब्दाने तो केला आहे. शहर आपण पाहतो तेव्हा शहरही आपल्याकडे पाहत असते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील ही कथा भाषांतर करणाऱ्याला एका जागी थांबवते. याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांविषयी सांगताना 31, 32 आणि 33 या तिन्ही वचनांत ग्रीक मुळात 'पाहून' या अर्थाचे एकच रूप आले आहे : इदोन. शैलीच्या मोहाने तेथे तीन निरनिराळे शब्द योजावेसे वाटतात. याजकाने 'दृष्टी टाकली', लेव्याने 'बघितले', शोमरोन्याने 'निरखून पाहिले' असे लिहिले तर वाक्ये अधिक रंगतदार होतील. पण मग कथेचा कणाच मोडेल. तिघांनाही दिसले ते सारखेच. पहिल्या दोघांचे डोळे अधू नव्हते. भेद पडला तो डोळ्यांत नव्हे, पावलांत. दोघे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून गेले आणि तिसरा जवळ आला. फुटपाथवर आपण मुलाचा हात ओढतो तेव्हा त्याला ती पलीकडची बाजूच दाखवत असतो.

घारापुरीचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. बेटाचे दुसरे नाव एलिफंटा. हे नाव पोर्तुगीजांनी धक्क्याजवळच्या एका प्रचंड दगडी हत्तीवरून दिले. लहान मुलांचा तेथील पहिला प्रश्न नेमका असतो, "हत्ती कुठे आहे?" आणि मोठ्यांना त्याचे उत्तर बहुधा येत नाही. 1864 मध्ये तो हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. पुढे त्याचे तुकडे राणीच्या बागेत आले आणि 1914 मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आजही तो भायखळ्याला उभा आहे. म्हणजे मुलाचा 'वेडगळ' प्रश्न इतिहासाच्या गाभ्याला हात घालत होता : ज्याचे नाव बेटाला आहे तो बेटावर का नाही? कोणी नेला?

त्याच बेटावर मुलाला दुसराही प्रश्न सुचतो : "इथे कोण राहते?" लेणी पाहून परतीची लाँच गाठणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोडे हा विचार करतात. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगत असताना त्या गावांना समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून वीज मिळाली ती 2018 च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यानंतरही तीस वर्षे लोटली होती. जगभरची माणसे बेटाकडे पाहत होती आणि बेटावरची मुले अंधारातून शहराकडे पाहत होती. कोण कोणाचे दर्शन घेत होते?

रविवारी सकाळी फोर्टमधील सेंट थॉमस कॅथिड्रलमध्ये उपासनेस जाणाऱ्या कुटुंबालाही असा अनुभव येऊ शकतो. 1718 च्या नाताळात हे मंदिर उघडले. चर्चगेट हे नाव मिळाले ते याच मंदिराकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजाला, आणि त्यावरून आजच्या स्थानकाला. आत संगमरवरी स्मारके आहेत, त्यांवर सेनाधिकाऱ्यांची आणि अंमलदारांची नावे आहेत. नुकतेच अक्षर लावू लागलेले मूल विचारील, "हे ज्यांनी बांधले त्यांचे नाव कुठे आहे?" वाचकहो, याचे उत्तर त्या भिंतींवर शोधून पाहा. दगड ज्यांनी वाहिले आणि रचले, त्यांच्यासाठी संगमरवर पुरला नाही असे आढळेल. शहर कोणी बांधले आणि शहरात नाव कोणाचे राहिले, हा प्रश्न मुलाने विचारला म्हणून लहान ठरत नाही.

मग आईबापांनी करावे तरी काय? मोठा उपदेश करण्याचा माझा मानस नाही. दोन-तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यादी निम्मी करावी. दोन दिवसांत आठांऐवजी चार ठिकाणे पाहिली तर मुलाला थांबता येईल, कारण घाई असली की दया सुचत नाही. मुलाने विचारले तर थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. "आजोबा इथे का झोपलेत?" "त्यांना घर नाही म्हणून." "का नाही?" येथे आपली विद्या संपते. तेव्हा "मला नीट सांगता येत नाही, पण हे असे असू नये," एवढे म्हणणे कमीपणाचे नाही. ज्या प्रश्नापुढे बाप गप्प होतो तो प्रश्न महत्त्वाचा आहे, हे मुलाला त्या मौनातूनच कळते.

आणि माणसाशी माणसासारखे बोलावे. बूट पॉलिश करून घेतले तर "तुमचे गाव कोणते, दादा?" असे विचारावे, मुलाला ऐकू द्यावे. कदाचित तो बिहारचा निघेल, कदाचित आपल्याच जिल्ह्यातला. तो बोलला नाही तर आग्रह धरू नये, कारण न बोलण्याचाही त्याला हक्क आहे. मुलाच्या हातून नाणे टाकण्यापूर्वी मुलाला एवढे शिकवावे की देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, डब्याकडे नव्हे. याने दारिद्र्य हटणार नाही, हे मी जाणतो. पण पुढे मोठेपणी त्या मुलाच्या हाती काही सत्ता, काही पैसा, काही मतदान आले, तर त्याच्या हिशेबात जमिनीवर बसलेली माणसे असतील की नसतील, हे अशाच एखाद्या शनिवारी ठरत असते.

सहलीहून परतल्यावर आपण छायाचित्रे पाहतो. त्यांत एक गंमत आढळेल. प्रत्येक चित्रात मूल गेटवेसमोर, संग्रहालयासमोर, समुद्रासमोर उभे आहे आणि प्रत्येक चित्रात त्याची पाठ त्या स्थळाकडे आहे. आपण त्याला जे दाखवावयास नेले, त्याकडे पाठ करून ते आपल्याकडे, मोबाईलच्या डोळ्याकडे पाहते आहे. आपण कोठे पाहतो याकडे त्याचे लक्ष आहे. ते शिकते आहे.

जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसणाऱ्या यरुशलेमेचे जे चित्र रेखाटले, त्यात रस्ते आहेत, त्या रस्त्यांवर काठी टेकीत बसलेली वृद्ध माणसे आहेत आणि खेळणारी मुलेमुली आहेत. म्हातारा आणि मूल एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. त्या रस्त्यावर कोणी कोणाचा हात ओढून पलीकडच्या बाजूला जात नाही. पुढच्या सुट्टीत आपण मुलांना घेऊन ज्या शहरात जाल, तेथे लेकरू थांबले तर आपणही क्षणभर थांबावे आणि त्याच्या उंचीला येऊन पाहावे.